कोरलमधला मराठी लोगो वेबवर नेताना: एसव्हीजी सगळ्या ब्राउझरांत सारखा दिसावा म्हणून

लोगोची फाइल एसव्हीजीत, म्हणजे रेषा आणि आकारांच्या वर्णनातून चित्र साठवणाऱ्या प्रकारात काढली, साइटवर चढवली, आपल्या संगणकावर झकास दिसली. मग कुणाच्या आयफोनवर अक्षरांचं वळण बदलतं, कुणाच्या जुन्या फोनवर आयकॉनच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते, आणि एका पानावर तर दुसऱ्या लोगोने पहिल्याचे रंग चोरलेले असतात. अशा वेळी हमखास विचारलं जातं, 'तो ब्राउझर एसव्हीजी चालवतो का?' चालू वापरातल्या सगळ्या ब्राउझरांपुरतं याचं उत्तर 'हो' आहे आणि कधीचंच आहे. विचारायचं ते हे: फाइल पानात कोणत्या वाटेने शिरते, आणि तिच्यात प्रमाणाचे कोणते भाग वापरले आहेत. बिघाड बहुतेक वेळा या दोनपैकी एका ठिकाणी सापडतो.

पाठिंबा असा तुकड्यातुकड्यांनी का

१९९८ साली वेबवरच्या रेखाचित्रांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेकडे दोन मोठे प्रस्ताव आले. अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांचा पीजीएमएल, तर मायक्रोसॉफ्ट आणि तिच्या जोडीदारांचा व्हीएमएल. दोन्ही बाजूला ठेवून एसव्हीजी घडवलं गेलं आणि सप्टेंबर २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती शिफारस म्हणून जाहीर झाली. १.१ जानेवारी २००३ मध्ये आली. पण ब्राउझर तयार नव्हते. लोक अडोबीचं प्लगइन टाकून एसव्हीजी बघत. २००५ मध्ये ऑपेरा ८ आणि फायरफॉक्स १.५ यांनी ते स्वतःहून दाखवायला सुरुवात केली. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र नववी आवृत्ती, म्हणजे मार्च २०११ उजाडावा लागला. तोवर तिथे व्हीएमएलच होतं, आणि दोन्हीकडे चालणारं चित्र काढायचं तर राफाएलसारखी लायब्ररी मध्ये घालावी लागे.

एसव्हीजी २ ची गोष्ट वेगळी. ते २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये 'शिफारशीसाठी उमेदवार' या पायरीवर आलं, आणि ब्राउझरांनी त्यातलं हवं ते उचललं. म्हणून 'एसव्हीजी २ चालतं का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. एकेक गुणधर्म तपासावा लागतो. आयत जाळीचे रंगछटांचे पट्टे, ज्यांना मेश ग्रेडियंट म्हणतात, ते इंकस्केपमध्ये काढता येतात, पण ब्राउझर ते स्वतःहून रंगवत नाहीत. तिथे सपाट रंग किंवा साधा रेषीय ग्रेडियंट घ्या.

कोणते फोन नजरेसमोर ठेवायचे

अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतो, त्यामुळे फोन पाच-सहा वर्षं जुना असला तरी ब्राउझर नवा असू शकतो. आयफोनवर उलट आहे. तिथला ब्राउझर आयओएसला बांधलेला असतो, आणि आपल्याकडे आयफोनवर क्रोम वापरणाऱ्याच्या स्क्रीनवरही चित्र रंगवतं ते सफारीचंच इंजिन, वेबकिट. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबला आहे. मालकाने काहीही केलं तरी त्याच्यापुढे वेबकिट सरकणार नाही.

तिसरा फोन लोक विसरतात: जिओफोन. त्यातल्या कायओएस २.५ या प्रणालीचा पाया फायरफॉक्स ४८ च्या इंजिनाचा आहे. दुसरीकडच्या आकाराचा पत्ता देणारा एचरेफ हा गुणधर्म 'एक्सलिंक' या जुन्या उपसर्गाशिवाय फायरफॉक्समध्ये ५१ पासून चालतो, फिरण्याचा बिंदू कशावरून मोजायचा ते सांगणारा ट्रान्सफॉर्म-बॉक्स ५५ पासून, आतला रंग आणि कड यांचा क्रम ठरवणारा पेंट-ऑर्डर ६० पासून. म्हणजे हे तिन्ही जिओफोनवर निकामी. तुमचा वाचक गावोगावी पसरलेला असेल, तर यूज टॅगमध्ये, म्हणजे आधी काढलेला आकार पुन्हा वापरणाऱ्या टॅगमध्ये, एक्सलिंक-एचरेफ ठेवणं हा उपाय फुकटात पडतो. ते जुनं झालं असलं तरी आजचे सगळे ब्राउझर ते मानतात. नुसता एचरेफ सफारीला १२.१ पासून कळतो, त्यामुळे आयओएस १० वर अडकलेला आयफोन ५ सुद्धा यातून सुटतो. फक्त मूळ टॅगवर एक्सलिंकचा नेमस्पेस, म्हणजे हा उपसर्ग कुठला ते सांगणारी नोंद, जाहीर करायला विसरू नका. स्वतंत्र फाइलमध्ये तो नसेल, तर फाइलच उघडत नाही.

अक्षरं: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

महाराष्ट्रातले बरेच लोगो कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेशसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेले असतात. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. एसव्हीजी काढताना मजकूर 'मजकूर' म्हणूनच ठेवला, तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अगम्य चिन्हांची रांग दिसते. अशा लोगोला एकच मार्ग आहे: अक्षरांचे वक्र करणे.

कोरलमध्ये आधी फाइलची प्रत करा, मग अक्षरं निवडून कंट्रोल-क्यू दाबा. पुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. वक्र झाल्यावर ते वेगवेगळे आकार म्हणून राहतात. हे आकार कंट्रोल-एलने, म्हणजे 'कंबाइन' आज्ञेने जोडले आणि कोरलने आपल्या सवयीप्रमाणे फाइलच्या माथ्यावर 'फिल-रूल इव्हन-ऑड' लिहिलं, की दोन शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे पांढरी खाच पडते. कारण साधं आहे. या नियमात एखाद्या जागेवर दोन थर आले की ती जागा 'बाहेरची' मानली जाते. 'श्री गणेश' असा शब्द घेऊन चारशे टक्के मोठा करून बघा, प्रत्येक जोडावर उभी पांढरी चीर दिसेल. उपाय 'कंबाइन' ऐवजी 'वेल्ड'. वेल्डने शिरोरेषा एकसंध पट्टी होते. इंकस्केपमध्ये हेच काम शिफ्ट-कंट्रोल-सीने वक्र करून, गट सोडवून, मग 'युनियन' देऊन होतं.

शिरोरेषा चढलेल्या नसून नुसत्या टेकलेल्या असतील, तर वेगळाच त्रास होतो. ब्राउझर आकाराची कड मऊ करतो आणि दोन मऊ कडा शेजारी आल्या की मधून पार्श्वभूमीचा केसाएवढा धागा झिरपतो. तो विशिष्ट झूमलाच दिसतो, म्हणून तपासताना सुटतो. त्यावरही उत्तर वेल्डच, पण आधी एक अक्षर हलकंसं सरकवून शिरोरेषा एकमेकींवर आणा.

इलस्ट्रेटरमध्ये युनिकोड मराठी टाइप करत असाल, तर वक्र करण्याआधी परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा कंपोझर, म्हणजे अक्षरजुळणीचा पर्याय, निवडा. नेहमीच्या कंपोझरमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्त दाखवून तुटतात. एकदा वक्र झाले की ती चूक चित्रातच गोठते.

वक्र केलेल्या लोगोत वाचता येणारा मजकूर उरत नाही. आतल्या टायटल टॅगमध्ये नाव युनिकोडमध्ये लिहा, तो मूळ टॅगच्या आतला पहिलाच टॅग ठेवा आणि पानात थेट घातलेल्या चित्राला 'रोल इमेज' द्या. इमेज टॅगने आणत असाल, तर हे काम ऑल्ट करतं.

आता नकाशातली गावांची नावं, आलेखातले शब्द, अशा ठिकाणी मजकूर मजकूरच राहायला हवा, शोधता आला पाहिजे, निवडता आला पाहिजे. तिथे या गोष्टी सांभाळा:

- पानाच्या किंवा टेक्स्ट टॅगच्या लँग गुणधर्मात मराठीचा संकेत द्या. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं वेगळी ठेवलेली असतात आणि ती लँग बघूनच बाहेर येतात. तयार टेम्पलेट वापरलेल्या कित्येक मराठी साइटींवर लँग इंग्रजीच राहिलेला असतो, आणि मग शाळेत शिकलेला ल कुठेच दिसत नाही.
- अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.
- पीडीएफवरून एसव्हीजी करणारी साधनं अनेकदा प्रत्येक अक्षराला स्वतंत्र एक्स-स्थान देतात. ती आकड्यांची यादी पुसून पहिलाच आकडा ठेवा.
- एखाद्या मात्रेला वेगळा रंग द्यायला टी-स्पॅन घालू नका. मात्रा आपल्या व्यंजनापासून सुटते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटू शकतं.
- वक्ररेषेवर मजकूर बसवलात तर प्रत्येक अक्षर स्वतंत्र वळतं आणि शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांची होते. गोल शिक्क्यातला मजकूर वळवून, वक्र करून, हाताने जोडून घेणंच बरं.

फाइल बाहेर काढताना

कोरलमध्ये लोगो निवडा आणि 'फक्त निवडलेलं' ही खूण करूनच एक्स्पोर्ट करा. नाहीतर अख्खं ए-फोर पान व्ह्यूबॉक्समध्ये, म्हणजे चित्राच्या दिसणाऱ्या चौकटीत जातं, २१००० बाय २९७०० असे आकडे दिसतात आणि लोगो कोपऱ्यात मुंगीएवढा राहतो. मजकूर 'वक्र म्हणून' निवडा. शैलीच्या पर्यायात अंतर्गत स्टाइलशीटऐवजी 'प्रेझेंटेशन ॲट्रिब्यूट्स' घ्या.

हा शेवटचा पर्याय का, ते नीट बघू. कोरलच्या अंतर्गत स्टाइलशीटमध्ये वर्गांची नावं फिल-शून्य, फिल-एक, स्ट्रोक-शून्य अशा थाटाची असतात, आणि ती प्रत्येक फाइलमध्ये तीच असतात. इलस्ट्रेटरच्या फाइलींतही तसंच, फक्त नावं वेगळी. दोन लोगो एकाच पानात थेट घातले की दोन्हींच्या स्टाइलशीट सगळ्या पानाला लागू होतात, आणि शेवटी आलेली जिंकते. एका प्रायोजकाचा लाल दुसऱ्याच्या हिरव्यावर चढतो तो असा. आयडींचीही अशीच गल्लत होते. एसव्हीजीओ या फाइल हलकी करणाऱ्या साधनाने आकार कमी करताना आयडी 'ए', 'बी' असे छोटे केलेले असतात. दुसऱ्या चित्राचा ग्रेडियंट पहिल्या चित्रातला 'ए' उचलतो. त्यात पहिलं चित्र मोबाइलवर डिस्प्ले-नन करून लपवलेलं असेल तर दुसऱ्याचा रंगच जातो. एसव्हीजीओमधलं प्रीफिक्स-आयडीज हे प्लगइन चालू करा, ते फाइलच्या नावावरून वेगळेपणा आणतं.

छपाईचे रंग सीएमवायकेत असतात, ब्राउझर एसआरजीबी धरतो. रूपांतरात भगवा मातकट होतो. रंग आपोआप बदलू देऊ नका, संस्थेचे ठरलेले आरजीबी आकडे हाताने भरा.

कोरलमधली सावली आणि पारदर्शकता एसव्हीजीत पुष्कळदा बिटमॅप बनून शिरते. तीन-चार शब्दांचा वक्र केलेला लोगो साधारण १० ते २० केबीत बसायला हवा. फाइल २०० केबीच्या पुढे गेली, तर ती मजकूर-संपादकात उघडून आत बिटमॅप ठेवणारा इमेज टॅग शोधा. सापडला तर ते रेखाचित्र राहिलेलं नाही, मोठं केल्यावर फाटणारच.

फाइलचा माथा हाताने तपासा

पहिल्या टॅगमध्ये तीन गोष्टी लागतात. एक, एसव्हीजीचा एक्सएमएलएनएस, म्हणजे त्याचा मूळ नेमस्पेस. पानात थेट घातलेल्या चित्राला तो नसला तरी चालतं, पण तोच मजकूर स्वतंत्र फाइल करून इमेज टॅगने आणला की काहीच दिसत नाही. 'इथे दिसतंय, तिथे का नाही' या तक्रारीचं हे पहिलं कारण असतं.

दोन, व्ह्यूबॉक्स, त्यातला बी मोठ्या लिपीतला. पानातला एचटीएमएल पार्सर लहान बी दुरुस्त करून घेतो, स्वतंत्र फाइल एक्सएमएलच्या कडक नियमाने वाचली जाते आणि तिथे लहान बी म्हणजे अनोळखी शब्द. एसव्हीजीओच्या चौथ्या आवृत्तीआधी रुंदी-उंचीशी जुळणारा व्ह्यूबॉक्स काढून टाकणं हे मूळ सेटिंगमध्येच होतं. जुनी आवृत्ती वापरत असाल तर रिमूव्ह-व्ह्यूबॉक्स बंद करा, नाहीतर चित्र लहानमोठं होण्याऐवजी कापलं जातं.

तीन, रुंदी आणि उंची, पिक्सेलमध्ये. कोरल मिलिमीटर लिहितो. वेबवर इंचाला ९६ पिक्सेल धरतात, म्हणून ६५ बाय २२ मिलिमीटरचा लोगो २४६ बाय ८३ होतो. 'सीएसएस आहेच की' म्हणून हे आकडे काढू नका. सीएसएस यायला उशीर झाला तर पानात थेट घातलेला छोटासा आयकॉन क्षणभर पूर्ण रुंदी व्यापतो आणि सगळं पान उडी मारतं. सीएसएस आल्यावर ती या आकड्यांवर सहज मात करते, त्यामुळे ते ठेवल्याने काही अडत नाही.

एक्सएमएलचा कडकपणा आणखी एका ठिकाणी चावतो. 'अँड'चं चिन्ह नुसतं लिहिलं किंवा एचटीएमएलमधलं एनबीएसपी वापरलं, की फाइल तिथेच मोडते. 'देशपांडे आणि सन्स' असं नाव चिन्हाने लिहिलेलं असेल, तर हे आधी बघा.

कोणत्या वाटेने आत आणायचं

इमेज टॅग आणि सीएसएसमधली पार्श्वभूमी या दोन्ही वाटांवर चित्र बंद खोलीत असतं. स्क्रिप्ट चालत नाही, बाहेरचा फॉन्ट किंवा चित्र येत नाही, पानाची सीएसएस पोचत नाही. पानावर वेबफॉन्ट लोड केलेला असला तरी आतला मजकूर फोनमधल्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये येतो. अक्षरांचं वळण बदलण्याचं कारण हेच. मजकूर ठेवायचाच असेल, तर फॉन्टचा लागेल तेवढा तुकडा काढून तो बेस-६४ करून फाइलच्या स्टाइल टॅगमध्येच बसवा. तुकडा पायएफटीसबसेट या साधनाने काढताना शब्द पूर्ण द्या आणि सगळी लेआउट फीचर्स राखा, तरच जोडाक्षरं शाबूत राहतात. बेस-६४ ने वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं हे धरून चला. लोगोसाठी ही वाट मला सर्वांत योग्य वाटते: वक्र केलेली फाइल, इमेज टॅग, कॅश होणारी.

पानात थेट घातलेलं चित्र पानाच्या सीएसएसला आणि फॉन्टला ऐकतं. शब्दाच्या रंगाबरोबर आयकॉनचा रंग बदलायचा, म्हणजे करंट-कलर वापरायचा, तर हीच वाट.

वीस-तीस आयकॉन असतील तर प्रत्येक सिम्बॉल टॅगमध्ये ठेवून सगळ्यांची एक फाइल करून यूज टॅगने घ्या. यूज दुसऱ्या डोमेनवरून उचलत नाही, सीडीएनवर, म्हणजे फाइली वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर, ठेवलेली आयकॉन-फाइल त्यामुळे कोरी दिसते. ती साइटच्याच डोमेनवर ठेवा. यूजमध्ये डेटा-पत्ता, म्हणजे फाइलचा मजकूरच आत लिहिलेला पत्ता, देणं क्रोमने ११९ पासून बंद केलं. फाइल थेट डिस्कवरून उघडूनही हे तपासता येत नाही, छोटा स्थानिक सर्व्हर चालवा. सिम्बॉलची फाइल पानात थेट घालत असाल, तर ती डिस्प्ले-ननने लपवू नका, ग्रेडियंट आणि मास्क मरू शकतात. रुंदी-उंची शून्य आणि पोझिशन ॲब्सोल्यूट द्या.

पार्श्वभूमीत डेटा-पत्ता लिहिताना रंगाच्या आकड्याआधीचं हॅश चिन्ह टक्केचिन्ह आणि २३ असं बदलून लिहा. नाहीतर ब्राउझर तिथून पुढचा भाग पत्त्याचा शेपूट समजून तोडतो.

सर्व्हर

फाइल 'इमेज-स्लॅश-एसव्हीजी-प्लस-एक्सएमएल' या प्रकाराने आली पाहिजे. साधा मजकूर म्हणून आली तर इमेज टॅग ती रंगवत नाही. कर्ल या आज्ञेला मोठा आय देऊन फक्त हेडर मागवा, दोन सेकंदांत कळतं. एसव्हीजीझेडच्या, म्हणजे आधीच आवळून ठेवलेल्या फाइलीच्या, फंदात पडू नका. त्याला जिझिपचा वेगळा हेडर लागतो आणि तो चुकला की फाइल उघडतच नाही. सर्व्हरचं नेहमीचं जिझिप पुरेसं आहे.

वर्डप्रेस एसव्हीजी चढवू देत नाही याला नीट कारण आहे: फाइल थेट उघडली तर आतली स्क्रिप्ट तुमच्या डोमेनवर चालते. लोकांकडून एसव्हीजी घेत असाल तर ती आधी स्वच्छ करून घेतल्याशिवाय ठेवू नका.

हलणारं चित्र

चित्र हलवायच्या स्मिल या जुन्या पद्धतीला क्रोमने २०१५ मध्ये निवृत्तीची नोटीस दिली होती आणि २०१६ मध्ये ती मागे घेतली. आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत स्मिल चालतं. सीएसएसने चाक फिरवायचं तर एक अडथळा येतो. एचटीएमएलमध्ये फिरण्याचा बिंदू घटकाच्या मध्यावर असतो, एसव्हीजीत चित्राच्या शून्य-शून्य कोपऱ्यावर. म्हणून चाक आसाभोवती न फिरता चित्राबाहेर घिरट्या घालतं. ट्रान्सफॉर्म-बॉक्सला फिल-बॉक्स आणि ट्रान्सफॉर्म-ओरिजिनला सेंटर द्या. जिओफोनसाठी बिंदूचे आकडे हाताने भरा. रेषेचा आकार बदलणारा सीएसएसमधला डी गुणधर्म क्रोममध्ये ५२ आणि फायरफॉक्समध्ये ९७ पासून आहे. सफारी यात बराच काळ मागे राहिला, म्हणून तो, ब्राउझरला हे येतं का ते तपासणाऱ्या, सपोर्ट्स अटीच्या आत लिहा आणि अटीबाहेर स्थिर चित्र पूर्ण दिसेल असं ठेवा.

जिथे एसव्हीजी न्यायचंच नाही

व्हॉट्सॲपवर दुवा टाकल्यावर जे चित्र येतं, त्यासाठी १२०० बाय ६३० ची पीएनजी किंवा जेपीजी लागते. जीमेलमधल्या पत्रात एसव्हीजी दिसत नाही. तिथेही पीएनजी द्या, दुप्पट आकाराची. टॅबवरचा छोटा आयकॉन एसव्हीजीत फायरफॉक्स ४१ आणि क्रोम ८० पासून दिसतो, पण सोबत जुनी आयको फाइल आणि आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० बाय १८० ची पीएनजी ठेवा.

शेवटची तपासणी तीन ठिकाणी करा: अँड्रॉइडवरचा क्रोम, मिळेल तो सर्वांत जुना आयफोन, आणि संगणकावरचा फायरफॉक्स. फायरफॉक्समध्ये फाइल स्वतंत्र टॅबमध्ये उघडा. एक्सएमएलची चूक असेल तर तो ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक सांगतो. मग झूम ५० टक्क्यांपासून ४०० पर्यंत एकेक पायरीने न्या आणि नजर शिरोरेषेवर ठेवा.